आपला विश्वास दुसऱ्यास कसा सांगावा?

शास्त्रपाठ : योहान ४:१-४२, योहान ९:१-३८, प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०
सोबत वाचावे : मार्क ४:२६-२९, १ करिंथ ३:५-९, १ पेत्र ३:१३-१६

'साक्ष' हा शब्द आपल्या मंडळ्यांत नित्य कानी पडतो. कॉटेज प्रार्थनेत साक्ष होते, उपवास-प्रार्थनेत होते, महिला मंडळात होते. परंतु ही साक्ष बहुधा विश्वासीयांनी विश्वासीयांपुढे दिलेली असते. ऐकणारे आपलेच असतात आणि 'आमेन' म्हणायला तयारच बसलेले असतात. विडी वळताना शेजारी बसणारी बाई, कचेरीतला सहकारी, समोरच्या घरातले काका, किंवा आपल्याच घरात वाढलेला कॉलेजातला मुलगा, यांच्यापैकी कोणी आपल्या विश्वासाविषयी सरळ प्रश्न विचारला की मात्र आपली जीभ जड होते.

या बाबतीत आपल्यात दोन प्रकारची माणसे आढळतात. काही जण अजिबात बोलत नाहीत. "धर्म ज्याचा त्याच्यापाशी, उगाच कशाला वाद?" असे म्हणून ते गप्प राहतात. दुसरे काही जण इतके बोलतात की ऐकणारा रस्ता बदलून जाऊ लागतो. समोरच्याने होकार दिल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. वरवर पाहता ही दोन माणसे एकमेकांच्या अगदी उलट दिसतात, पण दोघांच्या मनात चूक एकच आहे. ऐकणाऱ्याच्या हृदयात जे घडायचे ते आपणच घडवायचे आहे, असे दोघेही समजतात. पहिल्याला ते आपल्याच्याने होणार नाही अशी भीती वाटते, म्हणून तो गप्प बसतो. दुसऱ्याला ते झालेच पाहिजे असे वाटते, म्हणून तो ओढाओढ करतो. पवित्र शास्त्र या दोघांच्याही खांद्यावरचे हे ओझे उतरवते. ते कसे, हे आजच्या पाठात आपण पाहू या.

१. साक्षीदार आणि वकील

कोर्टात साक्षीदाराचे काम एक आणि वकिलाचे काम दुसरे. वकिलाला खटला जिंकायचा असतो. साक्षीदाराने आपण जे पाहिले व ऐकले तेवढेच सांगायचे असते. न पाहिलेले सांगितले तर तो खोटा साक्षीदार ठरतो, आणि पाहिलेले दडवले तरीही तो खोटाच ठरतो. निकाल देणे त्याच्या हाती नसते.

योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्य हा असा खरा साक्षीदार आहे. परुशी त्याला धर्मशास्त्रातले अवघड प्रश्न विचारतात. येशू पापी आहे की नाही, यावर त्याने मत द्यावे असा त्यांचा आग्रह असतो. तो त्या वादात शिरत नाही. मला एक गोष्ट ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढ्यावर तो ठाम राहतो (वचन २५). जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव तो आणत नाही, आणि जे ठाऊक आहे त्यापासून मागेही सरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मनुष्याला सगळे एकाच दिवशी एकदम समजलेले नव्हते. आरंभी तो 'येशू नावाचा मनुष्य' एवढेच जाणतो (११). पुढे तो त्याला संदेष्टा म्हणतो (१७). त्यानंतर तो देवापासून आला असला पाहिजे, या निष्कर्षाला पोहोचतो (३३). आणि अखेर त्याला प्रभू म्हणून नमन करतो (३८). पण साक्ष देण्यासाठी तो या शेवटच्या पायरीची वाट पाहत बसला नाही. जेवढे दिसले तेवढे त्याने सांगितले, आणि सांगता सांगता त्याला अधिक दिसू लागले. "मला बायबल नीट येत नाही, मी काय सांगू?" असे म्हणणाऱ्या आपल्या पुष्कळ बंधुभगिनींना या मनुष्याकडून धीर मिळावा.

त्याच्या आईबापांचेही उदाहरण येथे आहे. आपला मुलगा जन्मांध होता हे ते सांगतात, पण तो कसा बरा झाला हे त्यालाच विचारा म्हणतात. सभास्थानातून बाहेर घालवतील या भीतीने ते असे बोलले, असे योहान स्पष्ट लिहितो (२२). त्यांना हसणे सोपे आहे. पण समाजातून तुटण्याची भीती ही खोटी भीती नसते. आपल्या भागातल्या एका मोठ्या ख्रिस्ती लेखकाला ती चांगलीच ठाऊक होती.

२. बेळगावचे बाबा पदमनजी

लंडन मिशनचे काम बेळगावात १८२० साली रेव्ह. जोसेफ टेलर यांनी सुरू केले. टेलरसाहेब बळ्ळारीहून येथे आले होते. त्या मिशनने चालवलेल्या शाळेत जी मुले शिकली, त्यांत बाबा पदमनजी हे एक होते. त्यांचा जन्म १८३१ साली बेळगावातच, कासार समाजातल्या एका धर्मनिष्ठ घरी झाला. लहानपणी ते व्रते-उपास मनापासून करीत. मिशनच्या शाळेत पवित्र शास्त्र कानी पडले, पण लगेच काही घडले नाही. पुढे ते मुंबईस गेले व फ्री चर्च मिशनच्या विद्यालयात शिकू लागले. तेथे शिक्षकांशी चर्चा झाल्या, पुस्तके वाचनात आली, शंका निघाल्या, काही फिटल्या, काही राहिल्या.

त्याच काळात मुंबईत परमहंस सभा नावाची एक मंडळी होती. १८४९ च्या सुमारास ती स्थापन झाली. जातिभेद व मूर्तिपूजा यांना तिचा विरोध असे, आणि निरनिराळ्या जातींचे सभासद तेथे एकत्र बसून खात. बाबा पदमनजी या सभेत होते. सभेतील माणसे प्रामाणिक व सुशिक्षित होती, परंतु तिचे सर्व काम गुप्त चाले. घरी व जातीत मात्र सभासद पूर्वीप्रमाणेच वागत. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली, आणि सभा मोडली. त्या काळी समाजाचा दाब किती होता हे यावरून कळते, म्हणून त्यांना दोष देण्याचे आपल्याला कारण नाही. पण एक धडा घेता येतो. जे सत्य केवळ बंद दाराआड बोलले जाते, ते दार उघडताच विस्कटून जाते.

ख्रिस्त खरा आहे हे मनाला पटल्यावरही बाबा पदमनजींनी पुष्कळ दिवस पाऊल टाकले नाही. घरची माणसे आणि जात यांचा विचार मनातून जात नव्हता. अखेर १८५४ साली, ज्या गावात त्यांचा जन्म झाला त्याच बेळगावात, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. तीन वर्षांनी, १८५७ साली, त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी निघाली. हिंदू विधवांच्या दुःखाविषयी तीत त्यांनी लिहिले, आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आजही तिचे नाव घेतले जाते. १९०६ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाही.

वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव त्यांनी 'अरुणोदय' असे ठेवले. या नावाचा आपण थोडा विचार करावा. पहाट एकदम होत नाही. आधी पूर्वेला किंचित फिकट रंग येतो, मग झाडे दिसू लागतात, मग माणसांचे चेहरे ओळखू येतात. नेमक्या कोणत्या क्षणी रात्र संपली हे कोणी सांगू शकत नाही. बाबा पदमनजींच्या बाबतीत बेळगावच्या शाळेतील धडे, मुंबईचे शिक्षक, वाचलेली पुस्तके, मित्रांशी झालेल्या चर्चा आणि त्यांचे स्वतःचे चिंतन या सर्वांचा त्या पहाटेत वाटा होता. यांपैकी कोणा एकाला, "मी याला ख्रिस्ती केले" असे म्हणता येणार नाही. बेळगावच्या ज्या शिक्षकाने त्या लहान मुलाकडून शास्त्रपाठ वाचून घेतला असेल, त्याला त्या दिवशी काय दिसले असेल? इतर मुलांसारखाच एक मुलगा. त्या शिक्षकाने आपला धडा शिकवला, एवढेच.

प्रेषित पौल हेच सांगतो. मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली (१ करिंथ ३:६). आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे वचन वर्गात जाण्यापूर्वी दर रविवारी आठवावे. आपल्यासमोर बसलेल्या दहा-बारा मुलांपैकी कोणाची पहाट केव्हा होईल, हे आपल्याला ठाऊक नाही. आपण आज लावावे किंवा पाणी घालावे.

३. विहिरीवरील संभाषण

योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू सीमेपलीकडच्या प्रदेशात आहे. यहूदी व शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता (वचन ९). उपासनेची जागा कोणती, यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडण होते. अशा ठिकाणी प्रभू संभाषणाची सुरुवात उपदेशाने करीत नाही. तो त्या स्त्रीकडे पाणी मागतो. ज्याला काही द्यायचे आहे तो आधी घेणारा होतो, तिचे उपकार स्वीकारायला तयार होतो. आपण साक्ष द्यायला जातो तेव्हा बहुधा देणारे म्हणूनच जातो. शेजाऱ्याच्या हातचे पाणी पिण्याची, त्याच्या अडचणीत मदत करण्याची आणि आपल्या अडचणीत त्याची मदत मागण्याची आपली तयारी नसेल, तर आपला उपदेश त्याला परक्या माणसाचा वाटेल.

हा अध्याय आपल्या सीमाभागाला विशेष लागू पडतो. बेळगाव व निपाणी हा भाग १९५६ साली त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून भाषेचा प्रश्न येथील प्रत्येक घराला शिवून गेला आहे. या प्रश्नावर प्रत्येकाचे मत असू शकते व असावेही. तो सोडवणे हे या पाठाचे काम नाही. पण एक प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. येशूविषयी सांगताना मी माझ्या भाषेचा अभिमान पुढे करतो, की ऐकणाऱ्याच्या भाषेची सोय पाहतो? आपल्या भागातील बाजारात भाजी विकणारी बाई मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत, कन्नड गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि मुसलमान गिऱ्हाइकाशी दखनीत बोलते. चार पैशांच्या व्यवहारासाठी ती जे करते, ते सुवार्तेसाठी आपल्याला जड का जावे? कन्नड येत नसेल तर निदान चार वाक्ये शिकावीत. दोन भाषांच्या उपासना ज्या मंडळ्यांत होतात, तेथे वर्षातून काही वेळा दोघांनी एकत्र बसून प्रार्थना करावी. पाहणाऱ्यांना त्या एका प्रार्थनेतून जी साक्ष मिळेल, ती पुष्कळ भाषणांतून मिळणार नाही.

आता त्या स्त्रीची साक्ष पाहा. ती घागर तिथेच ठेवून गावात जाते आणि लोकांना बोलावते. तिचे बोलणे आज्ञेचे नाही. हाच ख्रिस्त असेल काय, असा प्रश्न ती लोकांपुढे ठेवते आणि या व पाहा म्हणते (२९). शेवटी गावकरी तिला सांगतात की आता आम्ही केवळ तुझ्या सांगण्यावरून विश्वास ठेवीत नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे (४२). चांगल्या साक्षीचा शेवट असाच होतो. ऐकणारा साक्षीदाराला मागे ठेवून स्वतः प्रभूपाशी जातो. साक्षीदाराला याचे वाईट वाटत असेल, तर तो लोकांना प्रभूकडे बोलावत नव्हता, स्वतःकडे बोलावत होता.

४. रथ आणि आगगाडीचा डबा

फिलिप्प रानातल्या वाटेवर एका परदेशी अधिकाऱ्याला भेटतो. तो अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत आहे. फिलिप्प धावत जाऊन आधी ऐकतो, मग एक प्रश्न विचारतो (प्रे. कृ. ८:३०). तो रथात चढतो तोही आमंत्रण आल्यावर. जो शास्त्रभाग तो मनुष्य वाचीत होता, त्याच भागापासून तो बोलू लागतो (३५). म्हणजे आपल्याला काय सांगायचे आहे यापेक्षा त्याला काय समजून घ्यायचे आहे, हे त्याने आधी पाहिले. आणि बाप्तिस्मा होताच फिलिप्प तेथून निघून जातो. त्या मनुष्याची पुन्हा भेट झाल्याचे कोठे लिहिलेले नाही. तरी तो आनंद करीत आपल्या वाटेने गेला (३९).

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात याच्याशी जुळणारी एक गोष्ट आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना आदराने वागवले, त्यांच्याशी काव्य व धर्म या विषयांवर गोष्टी केल्या, आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. ती वाचून पाहावी, अशी विनंती केली. टिळकांनी ते पुस्तक वाचायला घेतले, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मराठी मंडळीला जी गीते दिली, ती आपल्या प्रत्येक उपासनेत आहेत. परंतु गाडीतले ते गृहस्थ कोण होते, हे टिळकांना कधीच कळले नाही.

या गोष्टीत आपण बहुधा टिळकांकडे पाहतो. आज त्या अनोळखी गृहस्थांकडे पाहावे. त्या दिवसांत गोरा प्रवासी हिंदी सहप्रवाशाशी उर्मटपणे वागणे ही नित्याची गोष्ट होती. या गृहस्थांनी तसे केले नाही. त्यांची पहिली साक्ष पुस्तक देण्याच्या आधी, त्यांच्या वागण्यातून झाली होती. नंतर त्यांनी संभाषण केले, पुस्तक दिले, आणि आपले स्टेशन आले तेव्हा ते उतरून गेले. पत्त्यासाठी आग्रह नाही, पुढचा पाठपुरावा नाही. टिळकांना विचार करायला दोन वर्षे मिळाली. आपण कोणाला पुस्तक देतो आणि आठ दिवसांनी "वाचलेत का? काय ठरवलेत?" म्हणून दारात उभे राहतो. शेतकरी बी पेरतो, झोपतो, उठतो, आणि ते कसे उगवते हे त्याला कळत नाही, असे प्रभूने सांगितले आहे (मार्क ४:२७). उगवले की नाही ते पाहण्यासाठी रोज माती उकरणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पीक लागत नाही.

५. आमिष, दडपण आणि कायदा

आजच्या काळात हा विषय बोलताना कायद्याचा विचार टाळता येत नाही. भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांना बाध न आणता आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास दिले आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ स्पष्ट केला. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून त्याचा प्रसार करण्याचा हक्क या कलमात आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही, असा तो निर्णय होता. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतराविषयी कायदा झाला. त्याचे विधेयक विधानसभेत मंजूर झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये, बेळगावातल्याच अधिवेशनात. जबरदस्ती, फसवणूक व आमिष यांनी होणारे धर्मांतर त्याने गुन्हा ठरवले, आणि धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने आधी सूचना देण्याची अट घातली. जून २०२३ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. कायदे होतात व बदलतात. म्हणून अमुक वेळी कायदा काय सांगतो, हे प्रत्येक मंडळीने जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावे, ऐकीव माहितीवर चालू नये.

या कायद्यांमुळे निष्पाप माणसांना त्रास होऊ शकतो, याची काळजी आपल्या लोकांना वाटते, आणि ती योग्य आहे. पण विश्वासीयाने आणखी एक पाऊल पुढे जाऊन विचार करावा. आमिष व फसवणूक यांना आपल्या प्रभूनेच आधी मनाई केलेली नाही काय? ज्या आठव्या अध्यायात फिलिप्पाची गोष्ट आहे, त्याच अध्यायात शिमोन नावाचा मनुष्य पैसे देऊन आत्म्याचे दान मागतो, आणि पेत्र त्याला कठोर शब्दांत नाकारतो (१८-२०). आम्ही कपटाने चालत नाही, सत्य उघड करून प्रत्येकाच्या विवेकबुद्धीपुढे उभे राहतो, असे पौल सांगतो (२ करिंथ ४:२). रोग्याची सेवा करावी, भुकेल्यास अन्न द्यावे, मुलास शिकवावे, पण ते तो आपला शेजारी आहे म्हणून. त्याच्या बदल्यात त्याचा विश्वास मागू नये. अन्न देऊन विश्वास मागणे हा व्यापार झाला, आणि त्यात अन्न व सुवार्ता दोन्हींचा अपमान होतो.

पेत्राचे वचन तर आपल्या सर्वांना पाठ आहे. आपल्या ठायी असलेल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने व आदराने (१ पेत्र ३:१५). येथे 'विचारणाऱ्यास' हा शब्द आहे. म्हणजे कोणी तरी विचारावे असे आपले जीवन असले पाहिजे. आणि हे पत्र ज्यांना लिहिले गेले, ते सुखात नव्हते, छळात होते. छळणाऱ्यांशीही आदराने बोला, असे त्यांना सांगितलेले आहे.

आमच्या भागात विडी वळून संसार चालवणारी एक वृद्ध बहीण आहे. तिचा कर्ता मुलगा वारला. महिनाभराने शेजारीण तिला म्हणाली, "आक्का, एवढं झालं तरी तुम्ही कुणाला बोल लावला नाही. कसं काय सोसता?" ती म्हणाली, "सोसत न्हाई बाई, रडते की रोज रातीला. पर रडताना कुणीतरी जवळ बसल्यागत वाटतं. तो येशू हाय असं मी मानते." एवढेच बोलून तिने पुढची विडी हातात घेतली. शेजारणीने पुढे काही विचारले नाही. पण आता स्वतःच्या घरात दुखणे आले की ती या आक्कांकडे येऊन बसते. आक्कांना आपल्या आशेचे कारण विचारले गेले, आणि त्यांनी ते दिले. दुःख होत नाही असे खोटे त्या बोलल्या नाहीत, आणि येशूचे नाव गिळूनही टाकले नाही.

६. घर ही पहिली जागा

गरसेकरांच्या प्रदेशातला बरा झालेला मनुष्य प्रभूबरोबर जाऊ इच्छीत होता. प्रभूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे परत पाठवले (मार्क ५:१९). घरी साक्ष देणे सर्वांत अवघड, कारण घरची माणसे आपल्याला ओळखून असतात.

टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना फार मोठा धक्का बसला. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी वाट पाहिली. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने उमगले, आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात हे सर्व त्यांनी हसत-रडत सांगितले आहे, आणि तो ग्रंथ सर्व धर्मांचे मराठी वाचक आजही वाचतात. ओढून आणलेला मनुष्य असे पुस्तक लिहू शकत नाही. जो स्वतः चालत आला तोच असे सांगू शकतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत आपण हे विसरतो. आपल्या पुष्कळ कुटुंबांत आता तिसरी-चौथी ख्रिस्ती पिढी आहे. शब्बाथशाळेत मुलांना विचारून पाहावे, "तू ख्रिस्ती का आहेस?" बहुतेक उत्तर येते, "आमचे पप्पा-मम्मी ख्रिस्ती आहेत म्हणून." हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. उद्या ही मुले नोकरीसाठी पुण्याला वा बंगळूरला जातील. खोलीतला सोबती हाच प्रश्न करील, तेव्हा वडिलांचे नाव सांगून भागणार नाही. म्हणून आईबापांनी आपण स्वतः विश्वास का ठेवतो, कोणत्या संकटात प्रभू आपल्याला भेटला, कोणती प्रार्थना अजून अनुत्तरित आहे, हे मुलांना साध्या शब्दांत सांगावे. आणि मुलांनी शंका विचारली तर रागावू नये. शंका विचारणारे मूल अजून आपल्याशी बोलत आहे, यासाठी देवाचे आभार मानावे.

शिक्षकांसाठी काही सूचना

(१) प्रत्येक मुलाने आपली साक्ष पाच वाक्यांत लिहावी. तीत पाठ केलेले शब्द नसावेत. मित्राशी बोलतो त्या भाषेत ती असावी.

(२) दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे. विचारणाऱ्याला मध्येच तोडू नये, हा नियम ठेवावा.

(३) दुसऱ्याच्या धर्माची निंदा किंवा थट्टा केलेली साक्ष स्वीकारू नये. जन्मांध मनुष्याने आपल्याला दृष्टी मिळाल्याचे सांगितले. इतर सगळे आंधळे आहेत, असे सांगून त्याने सुरुवात केली नाही.

(४) मोठ्या मुलांना बाबा पदमनजी व लक्ष्मीबाई टिळक यांची चरित्रे सांगावीत. बाबा पदमनजी आपल्याच बेळगावचे होते, हे आवर्जून सांगावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या ओळखीच्या कोणत्या माणसाने माझ्या आशेचे कारण मला विचारले आहे? मी काय उत्तर दिले?

२. मी गप्प बसणाऱ्यांपैकी आहे की ओढाओढ करणाऱ्यांपैकी? त्यामागे माझी कोणती भीती आहे?

३. ज्यांची भाषा माझ्याहून वेगळी आहे, अशा किती शेजाऱ्यांच्या घरचे पाणी मी या वर्षी प्यालो?

४. माझ्या विश्वासात ज्यांचा वाटा आहे अशा तीन माणसांची नावे मला आठवतात काय? त्यांना ते कधी सांगितले आहे काय?

प्रार्थना

हे प्रभू, तू आमच्यासाठी जे केले आहेस तेवढेच आम्हाला खरेपणाने सांगू दे. भीतीने आमचे तोंड बंद होऊ देऊ नकोस, आणि अधीरतेने ते कठोर होऊ देऊ नकोस. ज्यांनी आमच्यात वचन लावले व पाणी घातले, त्या ज्ञात-अज्ञात सर्वांसाठी आम्ही तुझे उपकार मानतो. आमच्या हातून जे पेरले जाईल त्याची वाढ तुझ्या हाती आहे, हे जाणून आम्हाला निश्चिंत ठेव. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या नावाने मागतो. आमेन.